ठळक वैशिष्ट्ये : किती माहिती, किती विज्ञान?

तासगाव तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञानमंडळाच्या कार्यक्रमासाठी गेलो होतो. कार्यक्रमाला अवकाश होता, म्हणून आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो. फळ्यावर आदल्या तासाची टिपणे तशीच होती. वर शीर्षक होते, 'नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ : ठळक वैशिष्ट्ये', आणि त्याखाली सुवाच्य अक्षरांत दहा मुद्दे :

१) क्षेत्रफळ १,१६० हेक्टर. २) पहिल्या टप्प्याचा खर्च सुमारे १९,६५० कोटी रुपये. ३) दोन समांतर धावपट्ट्या, प्रत्येकी ३,७०० मीटर. ४) प्रवासीक्षमता वर्षाला ९ कोटी. ५) मालवाहतूक ३२.५ लाख टन. ६) आकार कमळाचा. ७) वास्तुरचना झाहा हदीद आर्किटेक्ट्स यांची. ८) उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५. ९) भागीदारी अदानी समूह ७४ टक्के, सिडको २६ टक्के. १०) फायदा : शेतमालाला जागतिक बाजारपेठ.

मुले हे मुद्दे वहीत उतरवीत होती. एक मुलगी उतरवता उतरवता थांबली आणि तिने विचारले, "सर, तिथून नऊ कोटी लोक गेलेसुद्धा?" वर्ग हसला. सरही हसले आणि म्हणाले, "अगं, क्षमता आहे ती." एवढ्यावर विषय संपला आणि लेखन पुढे सुरू झाले.

मला मात्र त्या तासात झालेली विज्ञानाची खरी गोष्ट तो प्रश्नच वाटली. अशा याद्या आज सर्वत्र दिसतात. स्पर्धापरीक्षांची पुस्तके, वर्तमानपत्रांतील चौकटी आणि शाळेची भित्तिपत्रके त्यांनी भरलेली असतात. त्यांतील आकडे बहुतेक वेळा बरोबरही असतात. म्हणून ह्या लेखातील टीका चुकीच्या आकड्यांवर नाही. बरोबर आकडेसुद्धा ज्या रीतीने मांडले जातात, त्यामुळे विद्यार्थ्याच्या हाती काय पडते आणि काय निसटते, एवढेच येथे तपासायचे आहे.

घडलेले, ठरलेले आणि अपेक्षित

फळ्यावरची यादी पुन्हा वाचून पाहा. दहाही मुद्दे एकाच सुरात लिहिले आहेत. प्रत्यक्षात ते तीन वेगवेगळ्या जातींचे आहेत. उद्घाटनाची तारीख ही घडलेली गोष्ट आहे. ९ कोटी प्रवासी आणि ३२.५ लाख टन माल हे सर्व टप्पे पूर्ण झाल्यावरच्या आराखड्यातील आकडे आहेत. पहिल्या टप्प्यासाठी ठरवलेली क्षमता वर्षाला २ कोटी प्रवासी आणि ५ लाख टन माल एवढी आहे. 'जागतिक बाजारपेठ' ही तर केवळ अपेक्षा आहे. धावपट्ट्यांचेही तसेच. आराखड्यात समांतर धावपट्ट्या दोन आहेत, पण विमानतळ सुरू झाला तो एका धावपट्टीवर.

प्रयोगवहीत आपण मुलांना निरीक्षण, अनुमान आणि अपेक्षित निष्कर्ष वेगवेगळ्या रकान्यांत लिहायला शिकवतो. 'तापमान ८२ अंश आले' आणि 'तापमान १०० अंश यायला हवे' ही दोन वाक्ये कोणी एकाच रकान्यात लिहिली, तर आपण लाल रेघ मारतो. सामान्यज्ञानाच्या तासाला मात्र हीच शिस्त आपण गुंडाळून ठेवतो.

तारखेचा मुद्दा घडलेल्या जातीचा खरा, पण तोही वाटतो तितका सरळ नाही. 'विमानतळ केव्हा सुरू झाला?' ह्या प्रश्नाला किती उत्तरे संभवतात? ११ ऑक्टोबर २०२४ रोजी भारतीय वायुदलाचे सी-२९५ विमान तेथे प्रथम उतरले. २९ डिसेंबर २०२४ रोजी प्रवासी विमानाची चाचणी झाली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. तिकीट काढून प्रवासी जाऊ लागले ते २५ डिसेंबर २०२५ पासून. 'सुरू होणे' म्हणजे काय हे आधी ठरवल्याशिवाय ह्यांपैकी एकच तारीख बरोबर म्हणता येत नाही. व्याख्या आधी आणि उत्तर नंतर, हा धडा आठवीच्या मुलाला ह्याहून सोप्या उदाहरणाने क्वचितच देता येईल.

आणखी मागे गेले तर कालक्रम अधिक बोलका होतो. मुंबईच्या दुसऱ्या विमानतळाची चर्चा १९९७ पासून चालली होती आणि तेव्हा रेवस-मांडव्याची जागाही विचारात होती. केंद्र सरकारची तत्त्वतः मान्यता २००७ साली मिळाली, पर्यावरण-मंजुरी नोव्हेंबर २०१० मध्ये मिळाली आणि भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये झाले. भूमिपूजनाच्या वेळी पहिले उड्डाण २०१९ च्या अखेरीस होईल असे सांगितले गेले होते. त्या वर्षी कोणी 'ठळक वैशिष्ट्ये' पाठ केली असती, तर २०१९ हे सालही त्यांत आले असते.

दोन कोटींचा हिशेब

क्षमतेचा आकडा पाठ करण्याऐवजी उलगडता येतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळावरून २०२४-२५ मध्ये सुमारे साडेपाच कोटी प्रवाशांची ये-जा झाली, म्हणजे दिवसाला सुमारे दीड लाख. तेथे दिवसाला विमानांची उड्डाणे व अवतरणे मिळून हजाराच्या आतबाहेर होतात. यावरून एका फेरीमागे प्रवासी निघतात साधारण दीडशे.

आता हीच सरासरी नवी मुंबईला लावू. २ कोटींना १५० ने भागले की वर्षाला सुमारे १ लाख ३३ हजार फेऱ्या येतात. दिवसाच्या झाल्या ३६५. चोवीस तासांत त्या सारख्या वाटल्या तर ताशी पंधरा, म्हणजे सरासरी चार मिनिटांना एक विमान. एका धावपट्टीला हे सहज झेपणारे आहे, कारण मुंबईत गर्दीच्या तासाला एका वेळी एकच धावपट्टी वापरूनही ताशी चाळीसहून अधिक फेऱ्या हाताळल्या जातात. मग ह्या टप्प्यावर क्षमतेची मर्यादा कोठून येते? ती धावपट्टीपेक्षा इमारतीतून येते. सामानतपासणी, सुरक्षा, पारपत्राच्या खिडक्या आणि विमाने उभी करण्याच्या जागा ह्या तिच्या कड्या आहेत. साखळीची ताकद सर्वांत कच्च्या कडीएवढी असते, हे मुलांना ह्या हिशेबातून आपोआप समजते. '२ कोटी' एवढेच लिहिलेल्या ओळीतून ते कळत नाही.

०८ आणि २६ : वाऱ्याची सही

यादीत 'दोन समांतर धावपट्ट्या' असे आहे. समांतर असण्याचे एवढे महत्त्व का? मुंबईच्या जुन्या विमानतळावरही धावपट्ट्या दोनच आहेत. एकीचे क्रमांक ०९ व २७, तर दुसरीचे १४ व ३२. हे क्रमांक म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजलेला चुंबकीय कोन, दहाने भागून पूर्णांकात लिहिलेला. ०९ म्हणजे सुमारे ९० अंश, अर्थात पूर्व. त्याच धावपट्टीचे दुसरे टोक १८० अंशांनी उलट, म्हणून २७. कोनमापक घेऊन मुलांना ०९-२७ आणि १४-३२ ह्या रेषा काढायला सांगा. त्यांच्यात सुमारे ५० अंशांचा कोन निघेल. मुंबईत त्या दोन रेषा एकमेकींना प्रत्यक्ष छेदतात. चौकात दोन्ही रस्त्यांची वाहने एकदम सोडता येत नाहीत, तसेच येथेही होते. धावपट्ट्या दोन असल्या तरी काम जवळपास एकीचेच निघते. समांतर आणि पुरेशा अंतरावरील धावपट्ट्यांना ही अडचण नसते.

नवी मुंबईच्या धावपट्टीचे क्रमांक आहेत ०८ व २६. हे मुंबईच्या ०९-२७ च्या इतके जवळ कसे? आता आणखी दोन विमानतळ पाहू. पुण्याचे क्रमांक १० व २८, कोल्हापूरचे ०७ व २५. चारही ठिकाणच्या मुख्य धावपट्ट्या साधारण पूर्व-पश्चिम आहेत, कारण ह्या सर्व प्रदेशात वर्षाचा बराच काळ वारा पश्चिमेकडून वाहतो. विमान उडताना आणि उतरताना वाऱ्याला तोंड देऊन चालते, म्हणून धावपट्टी वाऱ्याच्या दिशेशी जुळवून आखतात.

सातारच्या मुलांना हे सांगण्यासाठी पनवेलला जाण्याची गरज नाही. चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारांवरील पवनचक्क्या पावसाळ्यात कोणीकडे तोंड करून उभ्या असतात, ते त्यांनी पाहिलेले असते. पवनचक्की आणि धावपट्टी एकाच वाऱ्याची दिशा दाखवत असतात.

वाऱ्याचा फायदा किती, हेही मोजता येते. समजा, विमानाला जमीन सोडण्यासाठी हवेच्या सापेक्ष ताशी २७० किलोमीटर वेग हवा. समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर जमिनीवरचा वेग २४० पुरतो. नववीत शिकवले जाणारे गतीचे तिसरे समीकरण सांगते की त्वरण सारखे असेल तर अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २४० भागिले २७० चा वर्ग निघतो सुमारे ०.७९. म्हणजे धाव सुमारे एकवीस टक्क्यांनी कमी झाली.

३,७०० मीटर येथे, आणि कराडला?

लांबीचा आकडा हा यादीतील सर्वांत शास्त्रीय मुद्दा होऊ शकला असता. तापलेली आणि उंचावरची हवा विरळ असते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो, म्हणून धाव लांबते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ह्यासाठी एक ढोबळ नियम दिला आहे. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला लांबी ७ टक्क्यांनी वाढवावी. त्यानंतर त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा दर अंश सेल्सिअसला १ टक्का वाढवावी. प्रमाण तापमान समुद्रसपाटीला १५ अंश धरतात आणि ते दर किलोमीटरला ६.५ अंशांनी उतरते.

प्रमाण स्थितीत २,००० मीटर धावपट्टी लागणारे एक विमान घेऊ. नवी मुंबई जवळजवळ समुद्रसपाटीलाच आहे. उन्हाळ्यातील दुपारचे तापमान ३३ अंश धरले तर वाढ १८ टक्के, म्हणजे लांबी २,३६० मीटर. आता तेच विमान कराडला आणू. कराडची उंची सुमारे ५७० मीटर, म्हणून उंचीची वाढ १३.३ टक्के. तेथील प्रमाण तापमान ११.३ अंश. उन्हाळ्यात ३८ अंश धरले तर फरक २६.७ अंशांचा. दोन्ही वाढी लावल्यावर लांबी होते सुमारे २,८७० मीटर. दोन्ही वाढी मिळून ३५ टक्क्यांच्या पुढे गेल्या तर ढोबळ नियमावर न थांबता स्वतंत्र अभ्यास करावा, असेही तोच नियम सांगतो. कराड त्या मर्यादेच्या पुढे जाते.

कराडची धावपट्टी कोयना प्रकल्पाच्या कामासाठी १९५५ साली बांधली गेली. तिची लांबी तेराशे मीटरच्या आत आहे. सांगलीजवळ कवलापूरलाही जुनी धावपट्टी आहे आणि तेथे विमानतळ व्हावा ही मागणी अनेक वर्षांची आहे. 'आमच्याकडे विमान का येत नाही?' हा प्रश्न आपल्या भागातील प्रत्येक मुलाच्या मनात असतो. त्याच्या उत्तरात राजकारण आणि अर्थकारण असेल, पण हवेची घनतासुद्धा आहे. ती शिकवण्याची संधी ३,७०० ह्या आकड्याने दिली होती, आणि आपण तो आकडा नुसता पाठ करून घेतला.

यादीत नसलेल्या ओळी

आता यादीत काय नव्हते ते पाहू. १,१६० हेक्टर म्हणजे ११.६ चौरस किलोमीटर. ही सपाट जागा तेथे आयती नव्हती. तेथे खाडीलगतची दलदल होती, खारफुटी होती, उलवे नदी होती आणि सुमारे ९० मीटर उंचीची उलव्याची टेकडी होती. नदीचा प्रवाह वळवण्यात आला. टेकडी सुरुंग लावून कापण्यात आली आणि तिचाच दगड भरावाला वापरण्यात आला. हा दगड बेसाल्ट, म्हणजे अजिंक्यताऱ्याचा दगड ज्या जातीचा त्याच जातीचा. टेकडी कापावी लागण्याचे कारणही शिकवण्यासारखे आहे. उतरणाऱ्या विमानाच्या वाटेखाली ५० मीटरला १ मीटर एवढ्या सौम्य चढाची एक काल्पनिक पातळी आखतात. धावपट्टीच्या टोकाजवळच्या पट्ट्यात तिच्यावर काही येऊ देत नाहीत. ह्या हिशेबाने ९० मीटरची टेकडी साडेचार किलोमीटर दूर हवी. ती तर विमानतळाच्या जागेतच होती.

आणि तेथे माणसे होती. वरचे ओवळे, वाघिवली, वाघिवलीवाडा, गणेशपुरी, तरघर, कोंबडभुजे, उलवे, चिंचपाडा, कोपर आणि कोल्ही ही दहा गावे आणि त्यांतील तीन हजारांहून अधिक कुटुंबे उठली. जमिनीच्या बदल्यात २२.५ टक्के विकसित भूखंड देण्याची योजना ठरली. तिच्यामागे नवी मुंबईच्या भूमिपुत्रांचा, १९८४ च्या आंदोलनापासूनचा मोठा इतिहास आहे. त्या आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील यांचे नाव विमानतळाला द्यावे, असा ठराव राज्याच्या विधिमंडळाने २०२२ मध्ये केला. शिक्षक पुष्कळदा म्हणतात की हा समाजशास्त्राचा भाग आहे, विज्ञानाच्या तासाला नको. मला हे पटत नाही. ज्या जागेचे क्षेत्रफळ मोजायचे, त्या जागेवर काय होते हे न नोंदवणे म्हणजे प्रयोगाची आरंभस्थिती न लिहिणे होय.

सातारा-सांगलीत तरी हे सांगायला नको. कोयनेची ठळक वैशिष्ट्ये आपण सर्वांनी पाठ केली आहेत : धरणाची उंची १०३ मीटर, वीजनिर्मितीक्षमता १,९६० मेगावॅट, शिवसागर जलाशय. ह्या यादीत जलाशयाखालून उठलेली गावे नसतात. त्या गावांतील कुटुंबे सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांत गेली, तशीच रायगड आणि ठाणे जिल्ह्यांतही गेली. आपल्या वर्गांत त्यांची नातवंडे-पतवंडे बसलेली असतात. ज्याच्या घरची गोष्ट यादीतून गळली आहे, तो मुलगा यादी पाठ करताना काय शिकतो, ह्याचा विचार आपण करावा.

कोयनेने आणखी एक धडा दिला आहे. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे असे मानले जात होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ही समजूत कोसळली. त्या दिवसापूर्वी तयार झालेली यादी प्रामाणिकपणेच केलेली असणार, पण ती त्या दिवसापुरतीच खरी होती. म्हणून कोणत्याही यादीवर तारीख असावी.

द्राक्षे आणि विमान

दहावा मुद्दा होता शेतमालाच्या बाजारपेठेचा. तासगावच्या वर्गात हा मुद्दा फळ्यावर येतो तेव्हा तो तपासून पाहण्यासारखी शाळा महाराष्ट्रात दुसरी नसेल. आपल्याकडची निर्यातीची द्राक्षे युरोपला मुख्यतः शीतकंटेनरमधून, न्हावा-शेवा बंदरातून, समुद्रमार्गे जातात. त्यांना काही आठवडे लागतात, तरी नीट पूर्वशीतन केलेले द्राक्ष तेवढे टिकते आणि जहाजाचे भाडे विमानापेक्षा कितीतरी कमी पडते. बेदाणा आणि हळद तर सुकवलेलाच माल, त्यांना घाई कसली? विमानाचे भाडे परवडते ते हलक्या, महाग आणि लवकर नासणाऱ्या मालाला. फुले, काही भाज्या आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी ह्यांचा येथे विचार होऊ शकतो. 'शेतमालाला फायदा' हे वाक्य चूक नाही, पण कोणत्या मालाला, किती वजनाला आणि किती दिवस टिकणाऱ्याला, हे विचारल्याशिवाय ते पुरतेही नाही. ज्यांच्या घरी द्राक्षबाग आहे त्या मुलांना हे प्रश्न शिक्षकांपेक्षा जास्त चांगले सोडवता येतील.

यादी फेकून द्यावी का?

मुळीच नाही. शिष्यवृत्तीच्या आणि स्पर्धापरीक्षांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीच लागतात, आणि खेड्यातील मुलाला ती यादीच आधार देते. आकडे डोक्यात नसतील तर तुलनाही करता येत नाही. वरचे सगळे हिशेब मी यादीतल्या आणि तिच्यासारख्या आकड्यांवरच केले आहेत. यादी लिहून देणारे शिक्षक कष्टाळू आहेत आणि त्यांच्याजवळ वेळ कमी आहे, ह्याचीही मला जाणीव आहे.

म्हणून सूचना एवढीच, की यादीच्या उजवीकडे एक अरुंद रकाना आखावा. प्रत्येक ओळीपुढे 'घ', 'ठ' किंवा 'अ' लिहायचे. घडलेले असेल तर 'घ', ठरवलेले असेल तर 'ठ', अपेक्षित असेल तर 'अ'. खाली यादीची तारीख लिहायची. दहापैकी एकच ओळ निवडून तिला 'का?' किंवा 'किती म्हणजे किती?' असे विचारायचे. शेवटी अकरावी ओळ मुलांनी स्वतः भरायची : ह्या यादीत काय राहिले? सारे मिळून दहा मिनिटांचे काम आहे.

त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर मी त्या मुलीला शोधले आणि विचारले, नऊ कोटींचे पुढे काय झाले? तिने वही दाखवली. सरांनी सांगितल्याप्रमाणे तिने '९ कोटी' लिहिले होते, आणि पुढे कंसात बारीक अक्षरात स्वतःचे दोन शब्द घातले होते : 'अजून नाही'.